वर बरोबर, खाली चूक

आमच्या मुलुंडच्या घरात गणिताच्या दोन बाई राहतात. एक मी. चौतीस वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं आणि निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली. तरी अजून मी समोर आले की लोक मनातल्या मनात पाढे म्हणायला लागतात, असा माझा समज आहे. दुसरी माझी नात, मुलाची मुलगी. गेल्या वर्षी ती बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बी.एस्सी.ला तिला गणितात इतके गुण पडले होते की सोसायटीच्या फळ्यावर तिचं नाव आठवडाभर लागलं होतं. त्याच्याखाली पाणी बंद राहण्याची सूचनाही होती, पण ती आम्ही फोटोतून कापून टाकली.

या दोन विदुषींना सहावीतल्या एका मुलीने पाच गुणांच्या चाचणीत गप्प केलं, त्याची ही हकीकत.

नातीची इंटर्नशिप माझ्याच जुन्या शाळेत चालू होती. इंटर्नशिप म्हणजे काही महिने खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांपुढे उभं राहायचं. आमच्या वेळी याला सराव पाठ म्हणत, घाम तेवढाच यायचा. शेवटी एक वार्षिक पाठ. त्याला बाहेरून परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात आणि श्रेणी देतात. कांदिवलीच्या एका शाळेने नातीला जूनपासून नोकरी द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. अट एवढीच की वार्षिक पाठाला ‘अ’ श्रेणी मिळायला हवी. त्यामुळे घरात महिनाभर ‘अ’ सोडून दुसरं अक्षर उच्चारायची सोय नव्हती.

पाठाचा विषय तिने निवडला, अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगवेगळे असताना. मी म्हटलं, उत्तम. यात अडण्यासारखं काय आहे? लसावि काढायचा, छेद सारखे करायचे, वरचे आकडे मिळवायचे. मी हे झोपेत शिकवू शकते. माझ्या वर्गातली काही मुलं ते झोपेतच शिकली.

पाठाला आठ दिवस उरले असताना ती संध्याकाळी शाळेतून आली, पाठीवरची बॅग सोफ्यावर टाकली आणि चहासुद्धा मागितला नाही.

“आजी, वाट लागली.”

“कुणाची?”

“माझी. हे बघ.” तिने मोबाइल पुढे केला. त्यावर एका उत्तरपत्रिकेचा फोटो होता. “मी चाचणी घेतली ना, पाठाआधी मुलांना किती येतं ते बघायला, पाच मार्कांची. पहिला प्रश्न दोन मार्कांचा, दुसरा तीन मार्कांचा.”

“मग?”

“पहिला प्रश्न होता, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. हिने उत्तर लिहिलं दोन छेद पाच.”

“वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. दरवर्षी निम्मा वर्ग हेच करतो. चूक.”

“हो. मी चूक दिली. पण मांडणी नीट होती म्हणून दोनापैकी एक मार्क दिला. समासात लिहिलं, एक, रेघ, खाली दोन.”

“बरं.”

“दुसऱ्या प्रश्नातही तिला एकच मिळाला, तीनपैकी. तिथे लिहिलं, एक, रेघ, खाली तीन. आता वर बघ. एकूण मार्क.”

मी चष्मा पुसला. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, लाल गोलात, नातीच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, दोन, रेघ, खाली पाच.

“मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली,” नात म्हणाली. “म्हणाली, टीचर, मी पण हेच मिळवलं आणि तुम्ही पण हेच मिळवलं. एक छेद दोन आणि एक छेद तीन. दोघींचं उत्तर दोन छेद पाच. मग वर बरोबर आणि खाली चूक कसं?”

मी आधी मोठ्याने हसले. मूल हुशार आहे, म्हटलं. मग पुन्हा फोटो बघितला आणि हसणं आपोआप उतरलं. कारण मी चौतीस वर्षं हेच करत आले होते. वीसपैकी पंधरा, तीसपैकी चोवीस, झाले पन्नासपैकी एकोणचाळीस. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. हजारो पेपरांवर. आणि त्याच पेपरांत पोराने हेच केलं की लाल फुली. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी बसल्या आहेत.

हे अर्थात मी नातीला सांगितलं नाही. मी म्हटलं, “तिला सांग, लसावि काढायचा असतो.”

“सांगितलं.”

“मग?”

“ती म्हणाली, टीचर, तुम्ही का नाही काढलात?”

चहा मीच ठेवला. त्या निमित्ताने तेवढा वेळ पाठ फिरवता आली.

त्या संध्याकाळी नातीने मोबाइलवर अपूर्णांकांच्या बेरजेचे डझनभर व्हिडिओ बघितले. सगळे गुरुजी आणि बाई हसतमुखाने बेरीज कशी करायची ते सांगत होते. ही दुसरी बेरीज चूक का, हे कुणी सांगत नव्हतं. आणि तीच बेरीज मार्कांत बरोबर का, याच्या तर वाटेलाही कुणी गेलं नव्हतं. कॉलेजात त्यांना मानसशास्त्र शिकवतात, मूल्यमापन शिकवतात, फळ्यावर कसं लिहायचं तेही शिकवतात. गणित तिला येतंच. पण या दोन्हीच्या मधे जो एक गाळा आहे, ज्यात ती सहावीतली मुलगी उभी होती, त्याची किल्ली तिला कुणी दिली नव्हती. माझ्याकडे ती असेल असं तिला वाटत होतं. माझ्याकडे असेल असं मलाही वाटत होतं, हे जास्त गमतीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना मला एकदम सुचलं. मी लाटणं हातात घेऊनच नातीच्या खोलीत गेले.

“ऊठ. सापडलं. एक छेद दोन म्हणजे अर्धा. बरोबर? अर्ध्यात आणखी काहीतरी मिळवलं तर ते अर्ध्यापेक्षा जास्त व्हायला पाहिजे. दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा कमी आहे. भर घातली आणि कमी झालं, असं कसं होईल? म्हणून चूक. विचार तिला.”

नात अंथरुणात उठून बसली. “आजी, तू ग्रेट आहेस यार.”

दिवसभर मी ग्रेट होते. दुपारी झोपलेसुद्धा नाही, उगाच बाल्कनीत फेऱ्या मारल्या. संध्याकाळी ती आली ती दारातूनच मान हलवत.

“विचारलं. ती मान एका बाजूला करून ऐकत होती. मग म्हणाली, पण टीचर, माझं तसंच झालंय. पहिल्या प्रश्नात मला अर्धे मिळाले. दुसऱ्यात अर्ध्याहून कमी मिळाले. मग सगळे मिळून अर्ध्याहून कमीच होणार ना?”

मी खुर्चीत बसले. तिचं म्हणणं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. दोन्ही बरोबर असतील तर चूक कुठे आहे, हे शोधायला मी कागद घेतला आणि रात्रीच्या जेवणाच्या आत तो दोन्ही बाजूंनी भरून टाकला. सून येऊन म्हणाली, “आई, कुकर कधीचा शिट्ट्या मारतोय.” मी तिला विचारलं, “तुझ्या ऑफिसात अर्धा आणि एकतृतीयांश मिळवायची वेळ येते का गं?” ती कुकर बंद करून गेली.

तिसऱ्या दिवशी पाववाला आला. त्याच्याकडून सहा पावांची अख्खी लादी घेतली आणि नातीपुढे ठेवली. लादी छान वस्तू आहे. मुंबईतल्या पोराला ती समजावून सांगावी लागत नाही, आणि सहाच्या सहा पाव एकमेकांना चिकटलेले असतात. लादीचा अर्धा, तीन पाव. मी तोडले. त्याच लादीचा तिसरा हिस्सा, दोन पाव. तेही तोडले. मिळून पाच. सहापैकी पाच.

“हे झालं बरोबर उत्तर,” मी म्हटलं. “पाच छेद सहा. डोळ्यांना दिसतं. लसावि सहा म्हणजे काय, तेही दिसतं.”

“हे मी घेते पाठात,” नात म्हणाली. पण ती लादीकडे बघत बसली. “आजी, याने आपलं बरोबर आहे ते कळलं. तिचं चूक का आहे ते कुठे कळलं?”

“तेच.”

“तेच नाही गं.”

मुलगा, म्हणजे नातीचा बाप, मस्कापाव करायला आत आला, तुकडे झालेल्या लादीकडे आणि आम्हा दोघींच्या तोंडांकडे बघितलं आणि बिस्किटं घेऊन बाहेर गेला.

चौथ्या दिवशी मी थकले आणि शहाणपणाचा सल्ला दिला. त्याची आज लाज वाटते, पण जे झालं ते लिहायचं ठरवलं आहे.

“असं कर,” मी म्हटलं. “पाठाच्या दिवशी त्या मुलीला हात वर करू देऊ नकोस. तिला तक्ते धरायला उभी कर. तक्ता धरलेलं मूल बोलत नाही. नाहीतर आदल्या दिवशी वर्गाकडून सगळा पाठ एकदा बसवून घे. प्रत्येक प्रश्न कुणी सांगायचा ते ठरवून टाक. मी तेच केलं होतं.”

“तू काय केलं होतंस?”

मग मला ते सांगावं लागलं.

माझा वार्षिक पाठ घाटकोपरच्या एका शाळेत झाला. मी तेवीस वर्षांची, नुकतं लग्न झालेलं, कडक इस्त्रीची सुती साडी आणि डोक्यात प्रचंड हवा. मला वाटायचं, गणित आपल्याला येतं, आवाज आपला खणखणीत आहे, मग शिकवणं म्हणजे तरी आणखी काय असतं? आमच्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीच्या वहीत, एका रकान्यात आपण विचारायचे प्रश्न असत आणि शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरं. अपेक्षित उत्तर आधी लिहायचं म्हणजे ते मिळवायची जबाबदारीही आपलीच, असा अर्थ मी काढला. आदल्या दिवशी वर्गात गेले आणि बाकांच्या क्रमाने प्रश्न वाटून टाकले. पहिल्या बाकावरच्या पहिल्या मुलीने पहिल्याचं उत्तर द्यायचं, तिच्या शेजारणीने दुसऱ्याचं, असं शेवटपर्यंत. प्रत्येकीला दोन दोन लिमलेटच्या गोळ्या. तीनदा तालीम घेतली. पोरी इतक्या तयार झाल्या की मी प्रश्न विचारला नसता तरी चाललं असतं.

पाठाच्या दिवशी परीक्षक दहा मिनिटं उशिरा आले. बसता बसता म्हणाले, “प्रस्तावना झाली असेल. पुढचं घ्या.”

प्रस्तावनेत चार प्रश्न होते. मी ते सोडून सरळ पाचव्यावर गेले. विचारलं, “एक छेद तीन आणि एक छेद तीन मिळून किती?”

पहिल्या बाकावरची पहिली मुलगी उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “बाई, आई डब्यात पोळी देते.”

मला दरदरून घाम फुटला. पुढचा प्रश्न विचारला, “छेद सारखे असले की काय करायचं?” दुसरी मुलगी उठली. “पोळीचे चार समान भाग, बाई.” एकही मुलगी हसली नाही. गोळ्या खाल्ल्या होत्या ना. त्यांनी क्रम सोडला नाही. मीच मग क्रम सोडला आणि त्यांच्या उत्तराला साजेसे प्रश्न आयत्या वेळी शोधून विचारायला लागले. म्हणजे पूर्ण तासभर पोरींनी मला प्रश्न विचारायला लावले आणि मी ते विचारले. परीक्षक मान खाली घालून लिहीत होते. जाताना म्हणाले, “विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.” मला पहिला वर्ग मिळाला. सासरी पेढे वाटले.

नात हसून हसून पोट धरून बसली. मीही हसले, ही गोष्ट मला चांगली सांगता येते. मग ती थांबली आणि म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी तू शिकवलंस काय?”

“त्या दिवशी? काही नाही.”

“आणि नंतर?”

“नंतर काय?”

“नंतर चौतीस वर्षांत कुणी विचारलं नाही का गं तुला, हिच्यासारखं?”

विचारलं असेल. नक्की विचारलं असेल. मला एकही चेहरा आठवला नाही, आणि न आठवण्याचं कारण मला समजायला लागलं तशी मी उठून ओट्यावरची भांडी लावायला घेतली. ती आधीच लावलेली होती.

वार्षिक पाठाला मी शाळेत गेले. जुनी बाई म्हणून मला कुणी अडवत नाही. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले, खिडकीच्या जाळीला कान लावून. आतला निम्मा फळा आणि पहिल्या दोन रांगा तेवढ्या दिसत होत्या. पटावर तेवीस मुलं. माझ्या वेळी या वर्गात साठ असायची. परीक्षक बाई वेळेवर आल्या आणि मागे बसल्या.

ती मुलगी मी लगेच ओळखली. हडकुळी, दोन वेण्या, मान एका बाजूला. तक्ता तिच्या हातात नव्हता.

नातीने लादी टेबलावर ठेवली. वर्ग खूश. पूर्वज्ञानाचे प्रश्न झाले, आजचा विषय सांगून झाला. सगळं टाचणाप्रमाणे चाललं होतं आणि मी बाहेर सुटकेचा श्वास घेतला. आता लसावि, मग तीन उदाहरणं, मग फळ्यावर पाच प्रश्न, घरचा अभ्यास, ‘अ’.

तिने खडू घेतला आणि फळ्याच्या एका कडेला लिहिलं, एक छेद दोन, एक छेद तीन, दोन छेद पाच.

“तुमच्यातल्या एकीने मला गेल्या आठवड्यात विचारलं,” ती म्हणाली, “की टीचर, मार्कांची बेरीज अशी करतात, मग गणितात अशी का नाही? मी घरी खूप विचार केला. मला नीट उत्तर आलेलं नाही. तुम्ही सांगा.”

माझा श्वास परत आत गेला. परीक्षकांसमोर ‘मला आलेलं नाही’ म्हणायचं नसतं, हे बालवाडीच्या बाईंनाही कळतं. मी जाळीतून बोटांनी खुणा करायला लागले, पुढे चल, लसावि, लसावि. खिडकीशेजारच्या बाकावरच्या मुलीला वाटलं, मला काहीतरी हवंय. तिने तिची पट्टी जाळीतून माझ्याकडे सरकवली.

आत गोंधळ झाला. एक म्हणाली, “टीचर, मार्क वेगळे आणि गणित वेगळं.” ती हडकुळी म्हणाली, “वेगळं का? दोन्हीकडे तेच आकडे आहेत.” एका मुलाचं म्हणणं, मार्क खाता येत नाहीत, पाव खाता येतो. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “तुला मार्क मिळतात कुठे खायला?” नातीने ते सगळं होऊ दिलं. मग लादी उचलली, तीन पाव तोडले, दोन पाव तोडले. “अर्धा आणि तिसरा हिस्सा. किती झाले?”

“पाच.”

“कितीपैकी?”

“सहा.”

“मग इथे पाच छेद सहा आणि तिथे दोन छेद पाच. आकडे तेच होते. असं का झालं?”

वर्ग गप्प झाला. माझ्या वर्गात अशी शांतता झाली की मी तीन मोजून उत्तर सांगून टाकायचे. सवयीने माझं तोंड उघडलंही होतं, पण सांगण्यासारखं काही असतं तर ना.

ती मुलगी उठली. पाव बघितले, फळा बघितला. “टीचर, हे एकाच लादीचं आहे. अर्धा पण त्याच लादीचा, तिसरा हिस्सा पण त्याच लादीचा.”

“हो.”

“माझ्या पेपरात दोन लाद्या होत्या. एक दोन पावांची. एक तीन पावांची.”

“मग?”

“मला एकातला एक मिळाला, दुसरीतला एक मिळाला. आणि तुम्ही दोन्ही लाद्या जोडून टाकल्या. पाचाची एक केलीत.”

मी बाकावरून उठून उभी राहिले. पट्टी खाली पडली.

आत नातही खडू धरून तशीच उभी होती. “हो,” ती म्हणाली. “मी लाद्याच जोडल्या. मला ते दिसलं नव्हतं.”

तिने तिथेच थांबायला हवं होतं. आता लसाविकडे वळली असती तर पंधरा मिनिटांत सगळं उरकलं असतं. पण मुलगी खाली बसली नव्हती.

“मग दोन्ही बेरजाच ना, टीचर?”

“मला वाटतं, दोन्हीकडे काहीतरी मिळवतोय आपण. पण वेगळं.”

“मग दोन्हीकडे तशीच रेघ काढून का लिहितात?”

“माहीत नाही.”

“लोक चुकतील ना.”

“चुकतात,” नात म्हणाली. “खूप जण चुकतात.”

मग दुसऱ्या कुणाला तरी शंका आली की अशाने आपले जुने सगळे मार्क खोटे का, आणि ते खोटे नाहीत हे पटवण्यात घंटा झाली. लसावि राहिला. उदाहरणं राहिली. घरचा अभ्यास राहिला. टाचणाची अर्धी वही तशीच वाया गेली.

परीक्षक बाई बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यात पट्टी घेऊन उभी होते. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान असतील. त्यांनी मला ओळखलं नाही, पण पांढरे केस आणि हातातली पट्टी बघून अंदाज केला असावा.

“तुम्ही इथल्या गणिताच्या का?”

“होते.”

“त्या मुलीला तुम्ही काय सांगितलं असतंत?”

“खाली बस म्हटलं असतं.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “मीही,” म्हणाल्या, आणि भिंतीला कागद टेकवून उरलेले रकाने भरू लागल्या. ‘वेळेचं नियोजन नाही. पाठ अपूर्ण.’ मला बाजूने वाचता आलं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तिरक्या नजरेने वाचायची सवय आहे. श्रेणी ‘ब’. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. पाठ अपूर्ण होताच.

नात बाहेर आली ती खडूने पांढऱ्या झालेल्या हातांनी.

“लादी कुठे गं?”

“खाल्ली त्यांनी. एक पाव ती मुलगी परीक्षक बाईंना देत होती, त्यांनी नाही घेतला.”

“‘ब’ दिलंय.”

“माहितेय. मला सांगितलं.”

आम्ही जिन्यावरून उतरलो. फाटकापाशी थांबून तिने कांदिवलीच्या शाळेला तिथल्या तिथे फोन लावला. मी म्हणत होते, घरी जाऊन कर, पाणी पिऊन कर. तिने ऐकलं नाही. पलीकडून काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ही “हो मॅडम”, “समजलं मॅडम” करत होती आणि बोटावरचा खडू जीन्सला पुसत होती. फोन ठेवून म्हणाली, “पुढच्या वर्षी जागा निघाली तर कळवतील.”

मला तिला रागवायचं होतं. मला तिची पाठही थोपटायची होती. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून मी म्हटलं, “दहा मिनिटं आधी वळली असतीस तर दोन्ही झालं असतं.”

“कुठे वळणार होते? ती उभी होती.”

“तिला म्हणायचं, उरलेलं नंतर बोलू.”

“आजी, तुला खरंच वाटतं मग आपण नंतर बोललो असतो?”

नसतो बोललो. पण नोकरी तर मिळाली असती. की नाही मिळाली तेच बरं? त्या दिवसापासून मी याची मांडणी दहा तऱ्हांनी केली आहे आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. पूर्वी असा विद्यार्थी मला मिळाला असता तर मी त्याला सांगितलं असतं, तुझी रीत चुकते आहे. आता मला रीतच माहीत नाही.

“वर्गशिक्षिकेने उद्याचा चौथा तास दिलाय मला,” रिक्षात बसताना नात म्हणाली. “लसावि राहिलाय ना, तो पुरा करायला.”

“उद्या तरी टाचणाप्रमाणे घे.”

“घेईन. पण ती पुन्हा उभी राहिली तर?”

“मी येते.”

“येऊन काय करणार? खिडकीतून खुणा?”

“नाही. आत बसते, शेवटच्या बाकावर. मलाही एक विचारायचंय.”

“काय?”

“ते तिथे विचारीन. तुला आत्ता सांगितलं तर तू उत्तर तयार करून येशील.”